निवड गुणांवर, पण नेमणूक कशावर?

फेरफार
रविवार, रात्री ९:१०

महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. इथले स्पर्धा परीक्षांवरचे धागे मी नेमाने वाचतो. पेपरफुटी, कट-ऑफ, उत्तरतालिकेवरच्या हरकती, क्लासच्या फिया, सगळ्यावर भरभरून लिहिलं जातं आणि ते लिहिलंच पाहिजे. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल. परीक्षेने माणूस निवडला. आता तो कोणत्या खुर्चीवर बसणार, किती काळ बसणार आणि कोणाच्या सांगण्यावरून उठणार, हे कोण ठरवतं? गुणवत्तेवर चालणारी प्रशासकीय सेवा आपल्याकडे अडते ती इथे, असं माझं ठाम मत आहे.

दुखणं जुनं आहे. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकांचा हक्क गेला आणि १८५५ साली लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८८८ मध्ये, पुण्यात काय उघडकीला आलं? मध्य विभागाचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड, मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचं नाव होतं तेच, यांच्या अमलात मामलेदारांच्या बढत्या-बदल्यांसाठी पैसे चालतात असा आरोप झाला. सरकारने मामलेदारांना अभय दिलं, खरं सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. त्यांनी साक्षी दिल्या. चौकशी आयोगाला लाचेचे आरोप शाबीत झालेले दिसले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून उसने पैसे घेतल्याचा ठपका राहिला आणि क्रॉफर्ड यांना सेवेतून जावं लागलं. मग गदारोळ उठला तो मामलेदारांवर. पैसे दिल्याचं स्वतः कबूल करणारी माणसं न्यायनिवाड्याच्या खुर्चीवर कशी? टिळकांनी तेव्हा मामलेदारांची बाजू लावून धरली. सरकारने शब्द दिला होता, तो पाळावा, एवढी साधी मागणी होती. १८८९ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त खुपलं ते असं, की मामलेदार काम जाणणारी माणसं होती. आपल्याच हक्काच्या जागेसाठी त्यांना मोजावं लागलं. आणि जागेला एकदा किंमत आली की ती वसूल कोणाकडून होते? फेरफार नोंदवायला आलेल्या शेतकऱ्याकडून. दुसरं कोणी गिऱ्हाईक तिथे येतच नाही.

आज यावर कायदा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून तो आला. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. अंमल १ जुलै २००६ पासून. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. मुदतीआधी हलवायचं तर विशेष कारण लेखी नोंदवायचं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यायची. वाचताना वाटतं, सगळं बांधून घेतलंय. मग आदेश हातात येतो आणि त्यात कारण असतं, ‘प्रशासकीय कारणास्तव’. बस, दोन शब्द.

एका तालुक्यात असताना आमच्या तहसीलदारांनी रात्री नदीपात्रात उतरून वाळूचे ट्रॅक्टर धरले, दंडाची प्रकरणं रीतसर लावली. पावसाळा संपायच्या आत त्यांची बदली झाली. बदल्या मी खूप पाहिल्या, त्याचं विशेष नाही. पण त्यानंतर आमचे तरुण तलाठी पंचनाम्याला निघायच्या आधी विचारायला लागले, “ट्रॅक्टर कोणाचा आहे?” लाखो अर्जांतून गुणांवर निवडून आलेली ही मुलं. त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, धमकावलं नव्हतं. साहेबांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. खात्यात असलेल्यांनी तर जरूर लिहा. खात्याचं, जिल्ह्याचं नाव नको.


पेठेतला अभ्यासू
रविवार, रात्री ११:३२

काका, मुद्दा पटला, पण आमच्यासाठी तो फार लांबचा आहे. आम्ही अजून दाराशीच आहोत आणि दारच नीट उघडत नाही.

आयोगाबद्दल आधी बोलतो, कारण आयोगावर टीका करताना एक गोष्ट विसरली जाते. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ परीक्षेत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आपल्याकडे राहते. पहिली उत्तरतालिका येते, हरकती घेता येतात, मग अंतिम उत्तरतालिका लागते. माझे गुण किती ते मी निकालाआधी खोलीवर बसून काढू शकतो. घटनेनेच आयोगाच्या सदस्यांना संरक्षण दिलंय; सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीशिवाय गैरवर्तनासाठी काढता येत नाही आणि अध्यक्षांना नंतर सरकारी नोकरी घेता येत नाही. म्हणून आयोगावर आम्ही चिडतो, पण विश्वासही ठेवतो.

आयोगाच्या बाहेरच्या भरतीचं काय? सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल २०१७ ला आलं आणि तक्रारींचा ढीग लागल्यावर २०२० मध्ये बंद झालं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला, त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द झाली, टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात तर परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले. २०२३ ची तलाठी भरती, ४,६४४ पदं आणि दहा लाखांवर अर्ज. खुल्या गटाला फी १,००० रुपये. परीक्षा अनेक सत्रांत, म्हणून गुणांचं सामान्यीकरण, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांचे गुण सूत्राने एका पातळीवर आणणं. आणि यादीत २०० पैकी २१४ गुण! सामान्यीकरणाच्या सूत्रात असं होऊ शकतं, मी गणिताचा आहे, मला ते समजतं. पण गावात माझ्या वडिलांना ते कसं समजावू? “दोनशेपैकी दोनशे चौदा” हे ऐकल्यावर त्यांनी मला पुढे काही विचारलंच नाही.

दुसरं, वेळ. २०१९ च्या राज्यसेवेतून निवडलेल्या ४१३ जणांचा निकाल २०२० च्या जूनमध्ये लागला. सप्टेंबरात मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाली आणि सगळ्यांच्याच नियुक्त्या लटकल्या. उपजिल्हाधिकारी म्हणून गावाने मिरवणूक काढलेली मुलं नियुक्तीपत्राची वाट पाहत घरी बसून होती. मार्च २०२१ ला पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर आम्ही का उतरलो ते बाहेरच्यांना कळलं नाही. परीक्षा आठ दिवसांतच झाली म्हणा, पण खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी दिलेली तारीख, हे सगळं त्या एका परिपत्रकावर टांगलेलं असतं. ऑगस्ट २०२४ ला पुन्हा तेच, बँकेची आणि राज्यसेवेची परीक्षा एकाच दिवशी. ज्याच्या घरी थोडी शेती आहे, भाऊ नोकरीला आहे, तो थांबू शकतो. बाकीचे वय जायच्या आधीच पैसे संपून परत जातात. गुणवत्ता मोजायच्या आधीच ही चाळणी लागते, आणि ती कुठल्या जाहिरातीत छापलेली नसते.


शाहूनगरी
सोमवार, सकाळी ८:०५

दोघांचंही वाचलं. मला ‘गुणवत्ता मोजायची’ म्हणजे काय मोजायचं, इथून सुरुवात करायची आहे, कारण हा प्रश्न टाळून पुढे गेलं की गाडी नेहमी ‘आरक्षणाने गुणवत्ता गेली’ या स्टेशनावर येऊन थांबते.

फेरफारकाकांनी ज्या परीक्षेचा उल्लेख केला तिचा आराखडा मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये दिला. समितीने सुचवलेले गुण बघा. इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास १,५००. गणित १,०००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. संस्कृत ३७५, अरबी ३७५. राज्य कुठे करायचं? हिंदुस्थानात. मराठी, तमिळ, बंगाली यांना या स्पर्धेत गुणच नाहीत. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला जे आधीच येतं त्यालाच गुणवत्ता म्हटलं. आणि संस्कृत तरी आपल्याकडे तेव्हा कोणाच्या घरात होतं, तेही विचारा.

परीक्षा फक्त लंडनला. वयोमर्यादा सुरुवातीला २३, पुढे कमी करत करत १८७० च्या दशकाअखेर १९ वर आणली. एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून तिथल्या मुलांशी त्यांच्या भाषेत स्पर्धा करायची. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय उत्तीर्ण झाले, आणि त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातच झाली, शेवटी साताऱ्याला न्यायाधीश होते. दादाभाई नौरोजी खासदार असताना १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत ठराव झाला की परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी. प्रत्यक्षात अलाहाबादला परीक्षा झाली १९२२ मध्ये. एकोणतीस वर्षं! नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता, हे लक्षात घ्या.

म्हणून शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश मला गुणवत्तेच्या विरोधातला वाटत नाही. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी. दरबारातल्या आणि कारकुनी जागा जवळपास एकाच जातीकडे होत्या. एवढ्या मोठ्या प्रजेतून शहाणी माणसं एकाच जातीत जन्मतात असं मानायचं, की निवडीत काही खोट आहे असं मानायचं? महाराजांनी दुसरं मानलं आणि नुसता आदेश काढून थांबले नाहीत, वसतिगृहं काढली, म्हणजे परीक्षेपर्यंत पोचणाऱ्यांची संख्या वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांच्या निकालात हेच म्हटलं, की परीक्षेतल्या गुणांत घरच्या आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक सवलती दिसत नाहीत, म्हणून गुण म्हणजेच गुणवत्ता असं समजता येत नाही.

आता काका, तुमच्या मुद्द्याकडे येते, कारण तो इथे जोडला जातो. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा ठरलेला क्रम, लागते भरतीला. कुठला तालुका, कुठली प्रांत कचेरी, कुठलं महामंडळ मिळणार याला बिंदुनामावली नाही. माझ्या मोठ्या भावाने आरक्षित जागेवरून सेवेत प्रवेश केला, मुलाखतीत उत्तम गुण होते, आणि वर्षानुवर्षं त्याला अकार्यकारी, म्हणजे बाजूला टाकलेली पदंच मिळाली. कुणी कधी काही वावगं बोललं नाही. फक्त यादी लागली की नाव तिथेच असायचं. परीक्षेत निदान विचारता येतं, माझे गुण दाखवा. इथे काय दाखवायला सांगणार?


जुना डेस्क
सोमवार, दुपारी ३:४०

मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, बदल्यांच्या नस्त्या, म्हणजे फायली, हाताखालून गेल्यात. थोडी दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

मंत्री निवडून येतो. त्याला पाच वर्षांत काम दाखवायचं असतं. त्याला नको असलेला अधिकारी तीन वर्षं गळ्यात बांधायचा, हे लोकशाहीत कितपत बरोबर? जिल्ह्यात पाणीटंचाई आहे आणि जिल्हाधिकारी फोन घेत नाहीत, असं आमदार सांगतो तेव्हा दर वेळी त्यामागे वाळू नसते. निश्चित मुदत प्रामाणिक माणसाला वाचवते, तशी कामचुकार माणसालाही वाचवते. दोन्ही प्रकारचे लोक माझ्या टेबलावर आले आहेत.

पण मंत्र्याचा हक्क मान्य केला तरी कारण लिहायचा नियम कशासाठी आहे? टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ ला तीन गोष्टी सांगितल्या. नागरी सेवा मंडळ नेमा, मुदत निश्चित करा, आणि तोंडी आदेशावर अधिकाऱ्यांनी काम करू नये, आदेश लेखी नोंदवा. २०१४ मध्ये आयएएसच्या संवर्ग नियमांत दुरुस्ती होऊन किमान दोन वर्षांची मुदत आली, मंडळाच्या अध्यक्षस्थानी मुख्य सचिव. मंडळ मत देतं, राजकीय वरिष्ठांना ते डावलता येतं, पण कारण लिहून. रचना वाईट नाही. मी पाहिलेल्या काळात गाडी उलटी चालायची. आधी नाव ठरायचं, मग शिफारसपत्र यायचं, आणि त्याला साजेशी टिपणी आम्ही लिहायचो. टिपणीत भाषा कायद्याची असायची. ‘लोकप्रतिनिधींच्या तक्रारी विचारात घेता’ हे वाक्य मी किती नस्त्यांवर लिहिलं असेल. तक्रारींची प्रत मात्र पुष्कळदा जोडलेली नसायची. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, बदली रद्द होते ती अशाच नस्त्यांवर.

आणखी एक, ज्यावर कोणीच बोललं नाही: गोपनीय अहवाल. बदली गुणवत्तेवर करायची म्हटलं तर गुणवत्ता कुठे नोंदलेली आहे? अहवालात जवळपास सगळेच ‘अ’ किंवा ‘अ+’. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे. न्याय्यच आहे, कारण त्याआधी अंधारात माणसं मारली जात. पण त्यानंतर कोणता वरिष्ठ ‘ब’ लिहून अपील ओढवून घेईल? जो राबतो तोही ‘अ’, जो चारला निघतो तोही ‘अ’. मग पदोन्नतीच्या बैठकीत उरते ती सेवाज्येष्ठता, आणि ज्येष्ठतेच्या याद्या वर्षानुवर्षं कोर्टात. हे सुधारल्याशिवाय नुसती मुदत पक्की करून काय साधणार, हे मला खरंच विचारायचं आहे.


फेरफार
सोमवार, रात्री ८:२०

डेस्कसाहेब, रागावायचं काय, तुम्ही आतून लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं.

कामचुकाराचं म्हणाल तर त्याला विभागीय चौकशी आहे, सक्तीची निवृत्ती आहे. ती हत्यारं गंजलेली आहेत म्हणून बदली वापरली जाते. आणि बदलीने तो कामचुकार सुधारत नाही, दुसऱ्या तालुक्याच्या माथी बसतो. आमच्याकडे गडचिरोली, नंदुरबारला पाठवणं ही शिक्षा समजतात. जिथे सगळ्यात चांगला माणूस हवा, तिथली नेमणूक शिक्षा म्हणून! तिथल्या लोकांनी काय गुन्हा केलाय?

शाहूनगरीताई, तुमच्या भावाबद्दल वाचून बोलायला शब्द नव्हते. आमच्या कचेरीतही असे दोघे होते. अकार्यकारी पदावर बसवलेल्या माणसाला पगार मिळतो, गाडी मिळते, त्यामुळे त्याची तक्रार कुणाला तक्रार वाटत नाही.


वर्षा, लीड्स
मंगळवार, पहाटे २:५५

इथल्या एका सरकारी खात्यात नोकरी करते, म्हणून तुलनेपुरतं लिहिते. मेकॉलेच्या अहवालाच्याच साली, १८५४ मध्ये, इथल्या नोकरशाहीसाठी नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांचा अहवाल आला. ट्रेव्हेलियन कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात राहिलेले, मेकॉलेचे मेहुणे. दोन्ही सुधारणांची मुळं एकाच घरातली आहेत. पण गुणवत्तेवर, खुल्या स्पर्धेतून भरती हे तत्त्व संसदेच्या कायद्यात यायला २०१० साल उजाडलं. दीडशे वर्षं ते आदेश आणि प्रथेवर चाललं.

मोठा फरक असा की इथे मला कोणी बदलत नाही. प्रत्येक जागा जाहीर होते, कामाचं स्वरूप लिहिलेलं असतं, मी अर्ज करते, मुलाखत देते, जमलं तर जाते. अर्जावर नाव झाकून छाननी होते. मंत्र्याला आपले सल्लागार वेगळे नेमता येतात, ते त्याच्याबरोबर येतात आणि जातात. खात्यातल्या कायम नेमणुकांत मात्र त्याचा हात फार पोचत नाही. डेस्ककाका, मंत्र्याच्या हक्काचा तुमचा प्रश्न इथे असा सोडवला आहे.

दोष सांगते, नाहीतर चित्र खोटं होईल. आहे त्याच पदावर पगार फारसा वाढत नाही, म्हणून लोक भराभर पदं बदलतात. एखाद्या विषयाची खोल माहिती असलेला माणूस सापडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. तिकडे जबरदस्तीने जे होतं ते इथे स्वखुशीने होतं, आणि विषयाचं नुकसान दोन्हीकडे सारखंच.


जिप शिक्षिका
मंगळवार, दुपारी १:१०

सुट्टीत वाचतेय. तुम्ही सगळे जे होऊ शकत नाही म्हणताय ते जिल्हा परिषद शिक्षकांच्या बाबतीत झालंय, आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

पूर्वी आमच्या बदल्या म्हणजे मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या आवारात उन्हात उभं राहणं. कोण कोणाच्या मागे फिरतंय, कोणाची चिठ्ठी चालली, सगळं उघड दिसायचं. २७ फेब्रुवारी २०१७ चा ग्रामविकास विभागाचा जीआर आला आणि २०१८ मध्ये बदल्या संगणकावर झाल्या. शाळांचे दोन भाग केले, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. संवर्ग एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा भगिनी वगैरे. संवर्ग दोन पती-पत्नी एकत्रीकरण. मग अवघड क्षेत्रात ठरलेली वर्षं काढलेले, त्यांना हक्काने मागता येतं. मग बाकीचे बदलीपात्र. तेव्हा वीस शाळांचे पसंतीक्रम भरायचे होते, ज्येष्ठतेप्रमाणे संगणक शाळा द्यायचा.

पहिल्या वर्षी रडारड झाली, हे खरं. शहराजवळच्या शाळेत वर्षानुवर्षं बसलेल्यांना डोंगरात जावं लागलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. संवर्ग एकसाठी खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारी आल्या, तपासण्या लागल्या. एकत्रीकरणाला तीस किलोमीटरची अट होती, ती अंतरं मोजण्यावरून भांडणं झाली. पण मी स्वतः पाड्यावरच्या शाळेतून हक्काने, एक रुपया न देता, कोणाच्या दारात न जाता माझ्या मुलांजवळ आले. माझ्या जागी जी मुलगी गेली तिला माहीत आहे की ठरलेली वर्षं झाली की तीही मागू शकेल. म्हणून ती तिथे शिकवते, परतायची खटपट करत बसत नाही. पाड्यावरच्या पोरांना त्याचा काय फायदा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.


जुना डेस्क
मंगळवार, सायंकाळी ६:३०

ताई, हे मान्य. पण शिक्षकाची एक जागा दुसरीसारखी असते. तहसीलदाराची तशी नसते. पूरग्रस्त तालुक्याला वेगळा माणूस लागतो, भूसंपादनाचं काम असलेल्या तालुक्याला वेगळा. ज्येष्ठतेवर संगणकाने वाटलं तर चिठ्ठी जाईल, पण त्याबरोबर पारखही जाईल.


शाहूनगरी
मंगळवार, रात्री ९:००

पारख आज तरी कुठे होतेय? तुम्हीच लिहिलंत की नाव आधी ठरतं. आणि पारखच करायची असेल तर वर्षाताईंकडच्यासारखी करा, जागा जाहीर करा, कामाचं स्वरूप लिहा, इच्छुकांकडून अर्ज घ्या, कोणाला का निवडलं ते दोन ओळींत लिहा. बाकीच्या जागा शिक्षकांसारख्या क्रमाने. कठीण जागा आणि सोप्या जागा याद्या करून टाका, प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही येऊ देत. मी राहते त्या जिल्ह्यात कुठला तालुका कोणत्या यादीत जाईल ते पानवाल्यालाही माहीत आहे.


पेठेतला अभ्यासू
मंगळवार, रात्री ११:४५

एक खरा प्रश्न. आम्ही मुलाखतीत ‘राजकीय हस्तक्षेप कसा हाताळाल’ याचं उत्तर पाठ करून जातो. तुकाराम मुंढे यांचं उदाहरण सगळेच देतात, वीसहून जास्त बदल्या. पॅनेल मान डोलावतं. पण खोलीवर आलो की आम्ही एकमेकांना विचारतो, त्यांच्यासारखे आयएएस निदान बातमीत येतात, आमच्यासारख्या नायब तहसीलदाराची मुदतपूर्व बदली झाली तर काय करायचं? मॅटला गेल्यावर साहेब लोक ‘कोर्टबाज’ म्हणून शिक्का मारतात, हे खरं का? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १,७५० गुण. नीतिशास्त्राचाही पेपर आहे. त्यात मी काय लिहायचं ते मला येतं. नोकरीत काय करायचं ते येत नाही.


फेरफार
बुधवार, सकाळी ७:२५

बाळा, शिक्का मारतात. खोटं सांगणार नाही. पण मॅटचे निकाल नेहमी अधिकाऱ्याच्या विरोधात जात नाहीत. कारण लेखी नाही, वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता नाही, एवढ्यावर आदेश रद्द झालेले आहेत. पाठीशी कागद ठेवायचा. तोंडी सूचना आली की त्याच दिवशी ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार’ म्हणून पत्र लिहून वरिष्ठांना पाठवायचं, आवक-जावक क्रमांक घालून. मी हे करायचो. काही साहेबांना आवडायचं नाही, पण त्यानंतर तोंडी सूचना कमी व्हायच्या.

ताईंच्या पोस्टवर रात्री बराच विचार केला. महसुलात अगदी तसंच चालणार नाही हे डेस्कसाहेबांचं बरोबर, पण अवघड आणि सर्वसाधारण अशी तालुक्यांची यादी आणि ठरलेली वर्षं झाल्यावर हक्क, एवढं तर उद्या करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही.

दरम्यान एक काम हाती घ्यावं म्हणतो. माहिती अधिकारात आपल्या विभागातल्या गेल्या आर्थिक वर्षातल्या मुदतपूर्व बदल्या मागायच्या. तहसीलदार आणि नायब तहसीलदार संवर्ग. प्रत्येकीत नोंदवलेलं विशेष कारण आणि मान्यतेची तारीख.


जुना डेस्क
बुधवार, सकाळी १०:५०

मागणी नीट लिहा. नावं मागितलीत तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, गिरीश देशपांडे प्रकरणाचा २०१२ चा निकाल पुढे करतील. पदनाम, तालुका, आधीच्या पदावर रुजू झाल्याचा दिनांक, बदली आदेशाचा दिनांक, कलम, कारण. एवढे सहा रकाने. नस्तीवरच्या टिपणीच्या प्रती वेगळ्या अर्जात मागा, नाहीतर एकाच कारणाने सगळंच अडेल. मसुदा मला पाठवा, मी बघून देतो.


वर्षा, लीड्स
बुधवार, दुपारी १२:१५

उत्तरं आली की मला द्या, तक्ता मी करते. तारखा असल्या की प्रत्येक पदावर सरासरी किती महिने मिळाले ते लगेच निघेल.


जिप शिक्षिका
बुधवार, दुपारी १:२०

सातवा रकाना घाला: बदलीचा प्रस्ताव कोणाकडून आला. कार्यालयाकडून, स्वतःच्या विनंतीवरून, की शिफारसपत्रावरून. आमच्या वेळी हाच रकाना कोणी भरून देत नव्हतं.


फेरफार
बुधवार, रात्री ८:४०

घातला. अर्ज उद्या टपालाने जातोय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. इतर विभागांतल्या कोणाला आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज करायचा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मसुदा पाठवतो.